पाणचक्कीचा तिसरा अंक

आमच्या शेजारी राहणारा रिझगार ब्रिटिश टेलिव्हिजनवर वर्षातून एखाद्या वेळी मरत असे. बहुतेक वेळा पहिल्या जाहिरातींच्या आत. माझी आणि त्याची ओळखही तशीच झाली. कॉव्हेंट्रीच्या त्या घरात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. रविवारच्या पोलिसी मालिकेत एक दाढीवाला माणूस गोदामात बंदूक रोखून ओरडला, गोळी लागून खोक्यांवर कोसळला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस शेजारच्या फाटकातून कचऱ्याचा डबा ओढत रस्त्यावर आला.

"काल तुम्हाला पाहिलं," मी म्हणालो.

"मरण्याच्या आधी की नंतर?" त्यानं विचारलं. "नंतरचं काम जास्त चांगलं झालंय. त्यात मी अजिबात श्वास घेत नाही."

रिझगार इराकच्या कुर्द भागातल्या सुलेमानियाचा. तिथे तो रंगभूमीवरचा नावाजलेला नट होता. कुर्द लोक गुरुजींना 'मामोस्ता' म्हणतात आणि मान द्यायचा असेल तर कलावंतालाही. कॉव्हेंट्रीतले कुर्द केशकर्तनवाले, पिझ्झावाले, विद्यार्थी, सगळे त्याला मामोस्ता म्हणत. ब्रिटिश श्रेयनामावलीत त्याची नावं वेगळी होती: दाढीवाला दुसरा, लॉरीतला माणूस, शोक करणारा बाप. एरवी तो टॅक्सी चालवत असे. एखादं गिऱ्हाईक आरशात बघून म्हणे, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय. त्यावर तो शांतपणे सांगे, "हो, मी तुमचं विमान पळवलं होतं." मग स्टेशन येईपर्यंत गाडीत शांतता असे. त्याला ती आवडे.

त्याची दाढी त्याची नव्हती. ती लंडनमधल्या एजंटची होती. एजंटबाईंनी सांगितल्याशिवाय तिला कात्री लावायची नाही असा करार होता, तोंडी, पण कडक. त्याची बायको नस्रीन शाळेच्या किचनमध्ये काम करी. ती म्हणायची, "माझं लग्न झालं तेव्हा या माणसाला हनुवटी होती. मी पाहिलेली आहे."

भूमिकांच्या लहानमोठेपणाविषयी कुणी सहानुभूती दाखवली तर त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं: "भूमिका लहान नसते. लॉरी लहान असते." कामात मात्र तो चोख होता. पडण्याची तालीम मागच्या बागेत करी, गवतावर जुनी गादी टाकून. एकदा पलीकडच्या वृद्ध मिसेस हॉलनी वरच्या खिडकीतून हे पाहिलं आणि अॅम्ब्युलन्स बोलावली. आलेल्या पॅरामेडिकनं त्याला ओळखलं. "गेल्या वर्षी माझ्या आईला तुम्ही फार आवडला होता," तो म्हणाला, "फक्त ती म्हणाली, छातीत गोळी लागलेला माणूस असा गुडघे मुडपून पडत नाही." रिझगारनं त्याला आत नेऊन चहा दिला आणि छातीत गोळी लागलेला माणूस नक्की कसा पडतो हे त्याच्याकडून नीट समजून घेतलं. पुढच्या मालिकेत तो सरळ मागे पडला.

तो टेलिव्हिजनवर येणार असला की त्याच्या घरी कुर्द मंडळी जमत. एकदा आम्हालाही बोलावणं आलं. बैठकीच्या खोलीत गालिच्यावर मुलाबाळांसकट बरीच माणसं, मध्ये सूर्यफुलाच्या बियांची परात, प्रत्येकाच्या हातात कंबरेत निमुळता चहाचा पेला. रिझगार साखरेचा खडा दातांत धरून त्यातून चहा ओढत होता आणि स्वतःकडे बघायचं नाही म्हणून खिडकीबाहेर बघत होता. पडद्यावर तो एका बांधलेल्या इंग्रज माणसासमोर हात नाचवत ओरडू लागला. प्रसंग गंभीर होता. खाली अक्षरं उमटली: परकीय भाषेत धमकावतो. आणि खोली हसत सुटली. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. मग अचानक थांबली. एक म्हातारे गृहस्थ रुमालानं डोळे पुसू लागले. तेवढ्यात पोलीस दार फोडून आत शिरले आणि रिझगार सरळ मागे पडला.

"तो काय म्हणाला?" मी नस्रीनला विचारलं.

"म्हणाला, 'दळण झालं, काकू. पोतं घट्ट बांधा, वाऱ्यानं सांडायचं.'"

मी बातमीदारीत आयुष्य घालवलेला माणूस. पुढचं सगळं मी तिच्याकडून आणि त्या म्हाताऱ्यांकडून, दोघांना वेगवेगळं विचारून, जुळवून घेतलं. ते असं.

सुलेमानियात तरुणपणी रिझगारच्या मंडळींनी एक विनोदी नाटक बसवलं होतं. गावात ओढ्यावर पाणचक्की असते. वरच्या अंगाला गावचा जमीनदार, आगा, ओढा अडवून पाणी स्वतःच्या बागेला वळवतो आणि ओढा आपोआप आटला असं जाहीर करतो. तसं नाही असं म्हणायची कुणाची छाती नसते. चक्की बंद पडली म्हणावं तर ओढा का आटला हा प्रश्न येतो, म्हणून चक्की चालू आहे असंच सगळे वागू लागतात. बायका रिकामी पोती घेऊन येतात, चक्कीवाला ती रिकामीच परत देतो, पीठ बारीक झालंय म्हणून त्या आभार मानतात. चक्कीवाला म्हणजे रिझगार. पहिल्या रांगेत तेव्हाच्या राजवटीचे वर्दीतले अधिकारी होते. ते दोन अंक पोट धरून हसले आणि दुसऱ्या मध्यंतरात त्यांनी थिएटर बंद केलं. आपण कशाला हसत होतो हे बहुधा चहा पिताना त्यांच्या लक्षात आलं. नाटक लिहिणारा मित्र विंगेत बसून स्वतःच प्रॉम्प्टिंग करत होता. त्याला संहितेसकट घेऊन गेले. तो परत आला नाही. तिसरा अंक झालाच नाही. तो नटांच्या डोक्यात राहिला, आणि नट पांगले.

ब्रिटनमध्ये पहिलं काम मिळालं तेव्हा दिग्दर्शकानं रिझगारला सांगितलं, "तुझ्या भाषेत काहीही बोल. फक्त राग दिसू दे." काहीही म्हणजे काय, हे त्याला क्षणभर सुचलं नाही. मग त्यानं तिसऱ्या अंकाचं पहिलं वाक्य म्हटलं. पुढच्या मालिकेत दुसरं. लॉरीत बसून, चेकपोस्टवर गुडघे टेकून, हॉस्पिटलात मरताना, तो एका न झालेल्या नाटकाचा अंक ब्रिटिश खर्चानं, तुकड्यातुकड्यानं करत होता. कॉव्हेंट्रीतच नव्हे, ग्लासगोतले कुर्दही या मालिका त्यासाठी बघत. नायक कोण, खुनी कोण, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

एकच वाक्य उरलं होतं. शेवटचं. दळण न्यायला खुद्द आगा येतो. चक्कीवाला रिकामं पोतं त्याच्यासमोर ठेवतो आणि म्हणतो, "पोतं हलकं आहे, आगा. आज तुम्हीच उचला." पडदा.

हे वाक्य कुठेतरी म्हणून टाकावं, एवढंच त्याच्या कारकिर्दीचं आता शिल्लक काम होतं. त्याच्या चाहत्यांचंही. आणि नेमकं तेव्हाच ब्रिटिश टेलिव्हिजन सुधारलं.

नव्या मालिकेत त्याला निर्वासित बापाची भूमिका मिळाली, आणि सेटवर भाषेची सल्लागार म्हणून लाना नावाची मुलगी नेमलेली होती. जन्म लीड्सचा, कुर्दी आजीकडून शिकलेली, अत्यंत मनापासून काम करणारी. तिनं त्याला कुर्दीत लिहिलेले अचूक संवाद दिले. माझ्या मुलाला पाणी द्या. आम्ही फार दुरून आलो. खाली इंग्रजी सबटायटल्स येणार होती. दिग्दर्शकानं त्याचे दोन्ही हात हातात घेऊन सांगितलं की आम्हाला तुमच्या संस्कृतीचा आदर राखायचाय.

तो घरी आला तो आमच्या स्वयंपाकघरातच येऊन बसला. "इतकी वर्षं त्यांना माझी भाषा कळत नव्हती," तो म्हणाला, "तेव्हा मला हवं ते बोलता येत होतं. आता ते आदर करायला लागलेत. संपलं."

नस्रीन मागोमाग आली होती. "खोटं सांगू नकोस," ती म्हणाली. "संधी नव्हती का तुला? मागच्या हिवाळ्यात तो दिग्दर्शक म्हणत होता, अजून एक वाक्य बोल, कॅमेरा चालू आहे. तू काय बोललास? सेटवरचा चहा गार असतो, असं बोललास. सगळ्या ग्लासगोनं ऐकलं."

रिझगारनं पेला बाजूला सारला. मग म्हणाला, "ते वाक्य म्हटलं की नाटक संपलं. मग मी फक्त टॅक्सीवाला."

माझी बायको वैशाली पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही. "तिसरा अंक असा अर्धवट ठेवायचा नसतो," ती म्हणाली. आमटीखालचा गॅस बंद करायची आठवण द्यावी तशा आवाजात.

वैशाली हे बोलली याला कारण होतं. ती आमच्या मराठी मंडळाची प्रॉम्प्टर. मंडळ गणेशोत्सवात दर वर्षी एका शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन नाटक करतं. नट नोकऱ्या सांभाळून पाठांतर करतात, म्हणजे करत नाहीत. नाटक वैशाली विंगेतून म्हणते आणि स्टेजवरची माणसं ते तिच्यामागून म्हणतात. रिझगारनं एकदा पहिल्या रांगेत बसून आमचं तीन अंकी नाटक एकही शब्द न कळता पाहिलं होतं. शेवटी मंडळाचे अध्यक्ष सबनीस त्याच्यापाशी अभिप्राय घ्यायला आले. सबनीस गाड्यांच्या कारखान्यातून इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले, सिल्कच्या कुडत्यात वावरणारे गृहस्थ. त्या नाटकात ते नायकाचे वडील होते. रिझगार म्हणाला, "पडद्यामागच्या बाई तुमच्या सर्वोत्तम नट आहेत. सगळ्यांच्या भूमिका करतात आणि कुणावर अन्याय करत नाहीत." सबनीसांनी हे कौतुक मंडळाच्या वार्षिक अहवालात घेतलं.

तर वैशालीनं ठरवलं की या गणपतीत विविध गुणदर्शनात रिझगारचा अर्धा तास. कुर्दांच्या नववर्षाच्या, नवरोजच्या, कार्यक्रमात का नाही, असं मी त्याला विचारलं. "कॉव्हेंट्रीत कुर्दांचे दोन गट आहेत," तो म्हणाला. "एकाच्या हॉलमध्ये केलं तर दुसरा येत नाही. तुमच्याकडे दोन्ही येतील." या शहरात मराठी मंडळंही दोन आहेत हे मी त्याला सांगितलं नाही.

कमिटीच्या मीटिंगमध्ये थोडी चर्चा झाली.

"अहो, पण ऑडियन्सला कळणार काय?" सबनीस म्हणाले. "ॲटलीस्ट सबटायटल्स तरी लावा."

"आपल्या मुलांना मागच्या वर्षीचं मराठी नाटक तरी कुठे कळलं?" वैशाली म्हणाली. "सगळी फोनवर होती. आणि काका, यात आगाचा रोल आहे. रुबाबदार माणूस लागतो. डायलॉग एकही नाही."

"एकही नाही?" सबनीस सावरून बसले. "मग मी करतो ना. मला काय प्रॉब्लेम?"

रिझगार सांगे आणि वैशाली देवनागरीत उतरवून घेई. उच्चारांवरून त्यांची रोज भांडणं होत. नस्रीन गावच्या सगळ्या बायका एकटीच करणार होती. शेवटच्या वाक्यापाशी आले तेव्हा रिझगार गुलाबांना पाणी घालायला म्हणून बागेत गेला. बाहेर पाऊस पडत होता. ते वाक्य वैशालीला नस्रीननं सांगितलं. तालमीतही तो तिथवर येऊन थांबे आणि हात हलवून म्हणे, पुढचं येतं मला. याच सुमारास ठरलं की नाताळाआधी ते दोघं ग्लासगोला मुलीकडे कायमचे राहायला जाणार. म्हणजे जे व्हायचं ते याच वेळी.

त्या दिवशी हॉलमध्ये आरती झाली, केअरटेकरच्या नियमाप्रमाणे बॅटरीच्या निरांजनांवर. नारळ बाहेर कार पार्कमध्ये फोडला. लहान मुलांची फॅन्सी ड्रेस स्पर्धा झाली. मग उजवीकडच्या खुर्च्यांवर कुर्दांचा एक गट येऊन बसला, डावीकडे दुसरा, आणि मध्ये, दोघांनाही न दुखावता, मराठी लोक. सगळ्यांना मोदक दिले. तिसरी घंटा झाली.

रिझगार स्टेजवर आला आणि मला तो ओळखू आला नाही. इतकी वर्षं मी त्याला फक्त पडताना पाहिलं होतं. हा माणूस चालत होता. पाठीत थोडा बाक, अंगावर नसलेलं पीठ झटकण्याची लकब, रिकामं पोतं उचलताना गुडघ्यात येणारं वजन. मराठी मुलांनी फोन खाली ठेवले. उजवीकडचे आणि डावीकडचे कुर्द एकाच वेळी हसू लागले, आणि हसताना एकमेकांकडे बघून पटकन मान फिरवू लागले. भाषा न कळणारी आमची माणसंही नस्रीन रिकामं पोतं डोक्यावर घेऊन धापा टाकत निघाली तेव्हा खदखदून हसली.

मग आगा आले. सबनीस सिल्कच्या कुडत्यात, फेटा बांधून, खुर्चीत बसले आणि सांगितल्याप्रमाणे हलले नाहीत. रिझगारनं पोतं त्यांच्या पायाशी ठेवलं. हात पोत्याकडे केला. तोंड उघडलं.

आणि थांबला.

आधी तो अभिनय वाटला. मग वाटेना. विंगेतून वैशालीनं हळू आवाजात वाक्य दिलं. तो तसाच उभा, हात पोत्याकडे. तिनं पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं. माझ्या शेजारी बसलेले ते म्हातारे गृहस्थ पुढे वाकले, त्यांचे ओठ हलत होते. वैशालीच्या हिशेबी आता एकच गोष्ट उरली होती, जी ती मंडळाच्या प्रत्येक नाटकात करते. तिसऱ्यांदा तिनं ते वाक्य मागच्या दारापर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं. पुणेरी सुरातल्या खणखणीत कुर्दीत: पोतं हलकं आहे, आगा. आज तुम्हीच उचला.

सबनीसांना कुर्दी येत नाही. पण गेली कित्येक वर्षं त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. वैशालीनं तिसऱ्यांदा म्हटलं म्हणजे कुणीतरी चुकलंय, आणि बहुतेक वेळा ते स्वतःच. त्यांनी समोरच्या माणसाचा पोत्याकडे केलेला हात पाहिला. ते घाईघाईनं उठले, फेटा सावरला, वाकून पोतं उचललं, खांद्यावर टाकलं आणि चुकीच्या विंगेतून निघून गेले.

हॉलमध्ये आधी ते म्हातारे गृहस्थ हसले. मग उजवी बाजू उठली, डावी उठली, मध्ये बसलेले मराठी लोक उठण्यासारखं काहीतरी झालंय असं समजून उठले. रिझगार सबनीस गेले त्या विंगेकडे बघत उभा होता. त्यानं टोपी काढली आणि ती हातात घेऊन तसाच राहिला. पडदा पडला तेव्हाही तो तिकडेच बघत होता.

मागे ग्रीनरूममध्ये, म्हणजे शाळेच्या भूगोलाच्या वर्गात, वैशाली त्याच्यावर चिडली होती. "तीनदा दिलं मी! तीनदा!"

"तिसऱ्यांदा उच्चार बरोबर होता," रिझगार म्हणाला. "दस्त खोश." हे कुर्द लोक चांगलं काम करणाऱ्या हातांना शाबासकी म्हणून म्हणतात, एरवी तो तिच्या पुरणपोळीला म्हणे.

सबनीस घाम पुसत आले. त्यांच्या दोन्ही गालांचे अनोळखी कुर्द माणसांनी मुके घेतले होते. "माझं काही चुकलं का हो? मला वाटलं, माझीच मूव्ह राहिली."

"नाटकात आगा पोतं उचलतो की नाही, ते लिहिलेलंच नव्हतं," नस्रीननं सांगितलं.

"लिहिणाऱ्याचं तेवढं धाडस झालं नाही," रिझगार म्हणाला. "तुमचं झालं."

सबनीसांनी हेही अहवालात घेतलं.

पुढच्या कचऱ्याच्या दिवशी रिझगार डबा घेऊन बाहेर आला तेव्हा त्याला हनुवटी होती. एजंटबाईंचा फोन येऊन गेला होता. एका मालिकेत लॉरीतला माणूस हवा होता. आता बहुधा मिळणार नव्हता. मिसेस हॉलनी खिडकीतून त्याला पाहिलं आणि शेजारी कुणी नवीन राहायला आलंय का, असं मला विचारलं.

डिसेंबरात एका सकाळी त्यांची व्हॅन भरली. गालिचे, गुलाबांच्या कुंड्या, पडायची गादी. मंडळातर्फे निरोप द्यायला सबनीस आले होते, शाल आणि श्रीफळ घेऊन. शाल रिझगारनं खांद्यावर घेतली, श्रीफळ नस्रीननं व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसवलं. मग रिझगार घरात परत गेला आणि घडी घातलेलं ते पोतं घेऊन बाहेर आला. त्यानं ते सबनीसांसमोर, आमच्या दोन घरांच्या मधल्या फुटपाथवर ठेवलं. हात पोत्याकडे केला.

वैशालीचं तोंड सवयीनं उघडलं. त्यानं दुसरा हात वर करून तिला थांबवलं.

मग त्यानं ते वाक्य म्हटलं. आवाज न चढवता, एखाद्याला सामान दाखवताना बोलावं तसं. आमच्या घरात एव्हाना ते सगळ्यांना पाठ होतं. नस्रीन व्हॅनच्या दाराला हात लावून ऐकत होती. तिनं दार उघडलं, तो आत बसला, आणि व्हॅन रिंग रोडच्या दिशेनं वळली.

सबनीसांनी वाकून पोतं उचललं. ते खरंच हलकं होतं. "मंडळाच्या कपाटात ठेवू ना हे?" त्यांनी वैशालीला विचारलं. "गणपतीच्या सामानात?"